संक्रांतीचं नेसणं

हरिपुरात आमच्या दारापुढं जमीन पोकळ होती.
आण्णा पाय आपटून ऐकवायचे :
हितं रिकामं. हितं भरलेलं.

पेवाचं तोंड उघडलं की कुणी लगेच उतरत नसे.
आधी भुईला श्वास सोडू द्यायचा,
मग कंदील, दोरीनं, खाली.
विझला, तर चहा.
जळत राहिला, तर आण्णा.

मी काठावर पालथी पडून बघायची :
काळं, काळं, नुसतं काळं,
आणि तळाला कंदील टेकला की
एकदम पिवळं.
"वर ठेवली तर फिकी पडंल," आण्णा खालून ओरडत,
"हळदीला अंधारच सांभाळतोय."
त्यांचा आवाज वर यायला वेळ लागायचा.

त्या साली देवळातल्या जोशांनी पंचांग वाचलं :
संक्रांत यंदा वाघावर बसून आली,
पिवळं नेसून आली,
तेव्हा पिवळं कुणी नेसू नये.
आई हसली. मग गप्प झाली.
तिच्याकडं लुगडी दोन,
मूळ रंग कोणता, कुणास ठाऊक,
आठ वर्षं वखारीत हळद निवडून दोन्ही पिवळी.
नखं पिवळी. कानामागं पिवळं.
तिनं वेणी घातली की माझीही मान पिवळी.

मंगळवारी ती मिरजेला गेली, दस्तगीर रंगाऱ्याकडं.
मी बरोबर होते, एका हातात ऊस.
"कुठला रंग द्यायचा?"
"ह्याच्यावर बसंल तो."
त्यानं लुगडं नाकाला लावलं, शिंकला.
"एकच बसंल, वैनी."
"काळं? सणाला?"
"पांढऱ्यावरचं काळं उनाड असतं," तो म्हणाला,
"चार धुण्यात राखाडी.
खाली हळद असली की त्याला घर मिळतं."

संक्रांतीला ते अजून ओलसर होतं,
लोखंडाचा वास येत होता.
आक्काताई मगदूम उंबऱ्यातच थांबल्या :
"काळं नेसून ओवसायला?"
आई म्हणाली, "ऊब लागती."
एवढंच.
संगमाच्या पायऱ्यांवर वारा असा होता
की सुगडातली बोरं गार लागत,
आणि परत येताना आक्काताईंनी
आईच्या पदराचं टोक
स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलेलं मी पाहिलं.

पुढच्या संक्रांतीला गल्लीत काळी तीन.
त्याच्या पुढं मोजली नाहीत.
मग कुणीतरी म्हणालं, शास्त्रच आहे तसं.
मग आक्काताईच म्हणायला लागल्या, आमच्यात पहिल्यापासून.
मी शाळेतून शिकून आले, काळा रंग उष्णता शोषून घेतो,
तर सगळ्या जणी माझ्याकडं अशा बघायला लागल्या
की मी पाणी ओलं असतं म्हणाले.

बाकी गावांची कारणं वेगळी असतील.
चंद्रकळा म्हणे फार जुनी. असेल.
आमच्या गल्लीत काळं मिरजेहून आलं,
दीड रुपयात, उधारीवर.

पेवं पुरात गेली. ज्या साली कृष्णा घरात आली,
त्या साली भुईत एकेक करून बसली,
आठ दिवस सगळं पाणी हळदीच्या वासाचं.
आण्णा त्याआधीच गेले होते, ते बरं झालं.
आता हळद शीतगृहात असते. तिथं कंदील लागत नाही.

तन्वीच्या मोबाईलवर डिसेंबरपासूनच
काळ्या साड्या सरकत होत्या, संक्रांत स्पेशल.
एकही घेतली नाही तिनं.
ट्रंकेतून आजीचं काढलं,
गुडघ्याशी विरलेलं, रफू केलेलं,
नऊवारी कसं नेसायचं ते व्हिडिओ बघून नेसली,
आणि पाच घरी वाण देऊन आली.

दारातच म्हणाली,
"आई, ह्याचा रंग जातोय. मानेला लागलाय बघ."

"कुठला?" मी विचारलं,
आणि चष्मा शोधायला लागले.