धोट्याचा डोळा

एप्रिल लागला की कमाल चौकापर्यंत रांग.
माणसं कूलरच्या मोटारी काखेत धरून उभी,
आजारी कोंबड्या आणल्यासारखी.
मी मोटारी भरते.
भरणं म्हणजे जळकी तार उपटायची, नवी घालायची,
एका खाचेत सत्तर वेढे.
मोजताना कुणी बोललं की चुकतात,
म्हणून दुपारभर मी मुकी.

बिलांवर दाब म्हणून आज्याचा धोटा आहे.
काळपट लाकूड, टोकांना पोलाद,
पोटात पोकळी आणि कुशीला एक डोळा,
उडदाएवढा.
गिऱ्हाईक विचारतं, होडी आहे का बाई?
मी हो म्हणते.

या डोळ्यातून सूत काढायला
साच्यावरचा माणूस ओठ लावायचा
आणि श्वास आत ओढायचा.
सातासमुद्रापलीकडं कुण्या हुशार माणसाला
तेवढीच युक्ती सुचली होती.
इथं, नाग नदीच्या काठी,
त्या युक्तीला जात चिकटली.

आजा, लहानू गजघाटे, रिंग खात्यात एकतीस वर्षं.
चालत्या चातीवर तुटला धागा अंगठ्यानं सांधायचा,
पापणी लवायच्या आत.
तेच सूत भिंतीपलीकडं विणायला जायचं,
तिथं कोणाच्याही तोंडात जायचं.
बोटं चालत होती.
ओठ चालत नव्हते.
विणाईत पगार पाच-सात रुपये जास्त,
म्हणजे शाळेची पाटी, म्हणजे दोन वेळचं तेल.

भिंतीपलीकडं गोविंदा निनावे.
त्याच्या घरचा खड्ड्याचा माग तीन पिढ्यांचा.
वाफेच्या कापडानं त्याच्या लुगड्यांचा भाव पाडला,
मग वाफेनंच त्याला रोजावर ठेवलं.
दोघांना एकच भोंगा उठवायचा.
भोंग्याआधी आमच्या मोहल्ल्यातली पहाट ढिली होती,
कोंबड्याच्या मर्जीची.
नंतर ती मिनिटावर अर्धा रोज कापू लागली.
पण भोंग्याला जात कळत नाही,
एवढं मात्र आजा कौतुकानं सांगायचा.

मग एका साली नवे धोटे आले,
डोळ्याला फट, हातानं ओवायचे.
जुने भंगारात गेले. त्यातलाच हा.
निनावे नळावर म्हणाला,
"लहानू, आता तं तोंडच लागत नाही, आता काहून अडवतील?"
अडवलं. कधी जागा नाही, कधी साहेब रजेवर.
यंत्र बहाणा घेऊन जातं,
बहाणा करणारा तिथंच उभा राहतो.
चार वर्षांनी नाव लागलं.
आजा धुतलेला सदरा घालून गेला
आणि आठ दिवसांत रिंगवर परत.
"बाप्पा, का तो आवाज! कानाचे पडदेच मागत होता."
सांगताना पोट धरून हसायचा.

निनावे खोकत गेला.
धोटा ओढणारे बरेच तसेच गेले,
छातीत कापसाचा ढग घेऊन.
आजी म्हणाली, बरं झालं तुमाले घेतलं नाही तवा.
आज्याचा घास हातातच राहिला.
"खोकला तरी माह्या मर्जीचा पाह्यजे होता."

गिरणीच्या आवारात आता सरकते जिने आहेत.
काल एक पोट्टा नव्या तऱ्हेचा पंखा घेऊन आला.
आत तार थोडी, बाकी हिरवी पाटी.
"हे भरत नसते ताई, फेकून द्या लागते,"
त्यानंच मला समजावलं.
ठेवून घेतला. उद्या ये म्हटलं.
उद्या काय सांगायचं, ठाऊक नाही.

रात्री शटर अर्धं ओढून धोटा उचलला.
वेढे बांधायचा सुती दोरा आत सोडला,
डोळ्याला ओठ लावले, श्वास ओढला.
आला.
जिभेवर वॉर्निश, धूळ,
आणि कुणाची तरी जुनी तंबाखू,
किंवा मला तसं वाटलं.
तेवढ्यात बाहेरून थाप,
"झाली का मोटार? लेकरू झोपून नाही राह्यलं घरी."
समोर अर्धी भरलेली खाच.
किती वेढे झाले होते?

एक.
दोन.