ज्याची ओळ त्याला

उद्यमबागेत, आमच्या फाउंड्रीच्या गेटाआत
एक काळा पत्रा टांगलेला असे.
मशिनिंगला बाहेर दिलेल्या मालातले
कुणाचे किती नग नापास झाले,
ते त्यावर रोज सकाळी खडूनं.
मच्छे, नावगे, होनगा, कंग्राळी.
वाचायला पैसे पडत नव्हते.
भरमाण्णा हलगेकर टेम्पो मागं घेता घेता
मान वळवून वाचायचा.
त्याचे सतरा.
सगळ्यांनीच वाचलेले असायचे.

मग मी आले, संगणकावर तक्ते काढणारी.
रंगीत खांब, गोल चकत्या,
बोट लावलं की उलगडणारे महिने.
मुचंडी साहेब खूश झाले.
म्हणाले, बाहेरच्यांनाही दाखव की हे,
बेचाळीस जण आहेत.
दरपत्रक आलं:
डोक्यामागे इतके, दर महिन्याला.
साहेबांनी कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार केला,
चष्मा पुसून पुन्हा केला.
"नुसतं बघायला पैसे?
देवळात तरी दर्शन फुकट असतंय."
थोडा वेळ पंख्याकडं बघितलं.
"होगली बिडु. पत्राच बरा."

पत्रा नको, मी म्हटलं.
भरमाण्णाची मान आठवली होती,
पण सांगितलं वेगळंच:
खडूची धूळ माझ्या कीबोर्डवर बसते.

तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून
स्वस्तातली वाट शोधली.
बेचाळीस खुर्च्या घ्यायच्याच कशाला?
पहाटे साडेपाचला एकच खातं उघडतं, माझ्या नावाचं,
मोठा तक्ता कापून बेचाळीस चिठ्ठ्या करतं,
ज्याची ओळ त्याच्या फोनवर,
मच्छेला, निपाणीला, घाट उतरून शिरोलीला,
आणि झाकून घेतं.
मजकूर कुणाला मराठीत, कुणाला कानडीत.
आकडे तेवढे इंग्रजी,
उगाच भांडण नको म्हणून.

पहिल्याच सोमवारी भरमाण्णाचा फोन.
"बाई, अकरा म्हणूलालंय.
अकरा म्हंजे लई की थोडं?
बाकीच्यांचं काय आलंय?"
ते सांगता येत नाही, म्हटलं.
"मग मी कुणाच्या पुढं, कुणाच्या मागं,
ते मला कसं कळणार?"
माझ्याकडं उत्तर नव्हतं.
हिरवा आणि लाल होता.

गुरुवारी पीरजाद्यांच्या टपरीवर चहाला गेले.
फळीवर बिस्किटाचा खोका, उपडा.
त्यावर पेन्सिलीनं आखलेले खाने,
काही आकडे कानडी, काही आपले,
एक कुणीतरी रेघा मारून मोजलेला.
एकोणतीस ओळी.
मी जपून वेगळ्या केलेल्या,
सात रुपयांच्या कटिंगवर
शेजारी शेजारी येऊन बसलेल्या.
नाव मात्र एकही नाही.
नावाच्या जागी चाक, विळा, कपबशी, कोंबडा.
कोंबडा कोण, ते कोंबड्यालाच ठाऊक.

कोंबड्यापासून चाकापर्यंत एक बाण होता.
वर लिहिलेलं: ह्याचं त्याला गेलंय.

कप तसाच ठेवून मी परत आले.
यादी उघडली.
भ. हलगेकर, मच्छे.
भ. हलगेकर, नावगे.
माझ्या सूत्रानं गाव वाचलंच नव्हतं.
अकरा भरमाण्णाचे नव्हते.
त्याचे चार.
चार दिवस मात्र त्यानं अकरा वागवले,
माझ्यामुळे, आणि अगदी खाजगीत.

संध्याकाळी सूत्र नीट केलं.
चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ वाढवली,
सगळ्यांची सरासरी, बिननावाची.
खर्च काही वाढला नाही.

मग टपरीवर जाऊन खोका मागितला,
आता लागणार नाही, म्हटलं.
पीरजाद्यांनी गाळणी झटकली.
"भरला की न्या," म्हणाले,
"अजून तेरा जण यायचेत."