खालून पाहिलेली गल्ली

हडर्सफील्डची ती चढाची गल्ली
लोकांनी वरून पाहिली,
काचा, पाट्या, दारावरची घंटी.
मी खालून पाहिली.
गॅसचं मीटर तळघरात असायचं
आणि मी गॅसवाला, सव्वीस वर्षं.
हातात विजेरी, काखेत वही,
शेंडेचा पहिल्याच आठवड्यात झालेला शँडी.

झेलिन्स्कीच्या बेकरीखाली
भट्टीची पाठ होती, मार्चातही ऊन ऊन.
मांजरं तिथेच वितायची.
आकडे लिहायला मी तिथे
जरा जास्तच वेळ घेई.

चॅपलखाली मोडक्या खुर्च्या,
देव वर, उंदीर खाली,
मीटर दोघांत मिळून एक.

सिनेमाचं थिएटर तेव्हाच बिंगोला लागलेलं.
खाली जिन्याशी पाटीची पत्र्याची अक्षरं
सरपणासारखी रचलेली.
एकदा त्यांतून माझं नाव जुळवायला बसलो,
एस मिळाला, एच मिळाला,
तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली.

आणि एक्केचाळीस नंबर.
मिसेस सग्डनचं लोकरीचं दुकान.
तिचं मीटर शिलिंगवर चालणारं:
नाणं टाका, किल्ली पिळा, तेवढ्यापुरती ऊब.
तीन महिन्यांनी मी पेटी तिच्या काउंटरवर ओतायचो,
वीस-वीसचे मनोरे रचायचो,
जास्तीचं तिचं तिला परत.
एकोणसत्तरच्या हिवाळ्यात,
नवरा वरच्या खोलीत खोकत असताना,
मनोरा मध्येच कलला.
राजाच्या तोंडांमध्ये
लोखंडी वॉशर. एक नाही, अकरा.

ती निळ्या लोकरीची लड
उलगडून पुन्हा गुंडाळत होती.
मी काही बोललो नाही.
अकरा शिलिंग माझ्या खिशातून गेले,
अकरा वॉशर माझ्या खिशात आले.
कोटाचं अस्तर फाटलं त्या वजनाने.
कुमुदने शिवलं,
आणि त्या महिन्यात मटण आणलं नाही म्हणून
दोन दिवस अबोला धरला.

पुढच्या खेपेला नऊ.
मग पाच.
मग वरचं खोकणं थांबलं,
त्यानंतर एकही नाही.

चौऱ्याऐंशीत हेबलथ्वेटचं हार्डवेअर बंद झालं.
दीडशे खण लिलावात निघाले,
खिळ्यांसकट, बिजागऱ्यांसकट,
प्रत्येक खणावर त्याच्या बापाचं अक्षर.
मी डब्यातले पंचवीस वॉशर
त्याच्यापुढे ठेवले. गंमत म्हणून.
त्याने चष्मा लावला,
एक उचलला, कडेवरून अंगठा फिरवला.
म्हणाला, बाजारात हे माप मिळत नाही.
कानशीने मीच घासायचो, रात्री,
शिलिंग शेजारी ठेवून.

पैसे घेतलेस?

म्हणाली होती, उन्हाळ्यात देते.
कुठल्या उन्हाळ्यात ते नव्हती बोलली.

आम्ही हसलो. तिथल्या रीतीने, बेताचंच.
त्याने वॉशर वाटून घेतले,
बारा त्याला, तेरा मला.
का, ते दोघांनीही विचारलं नाही.

आता एक्केचाळीसला फ्लॅट आहेत,
दाराला आकड्यांची बटणं.
मीटर आपला आकडा आपणच कळवतं,
कुणाला जिना उतरावा लागत नाही.
चॅपलमध्ये आधी गालिचे विकले, मग व्यायाम,
सध्या कुलूप.
फरसबंदीतली कोळशाची गोल झाकणं
तेवढी राहिलीत,
बुटाच्या तळातूनही मला ती ओळखू येतात.

परवा बेकरीच्या जागी थांबलो,
मार्च होता,
तळव्यांना काही लागतंय का बघत.
मागून एक मुलगी बाबागाडी ढकलत आली,
सॉरी, लव्ह, म्हणाली.
मी बाजूला झालो.