सरासरी काठ

पर्यटन खात्यानं सांगितलं, दिवाडीचा नकाशा हवा,
चार घड्यांचा, खिशात मावेल असा.
पाणी निळं, जमीन पोपटी,
पार्किंगला चौकोन, कॉफीला कप.

रिबंदरहून फेरीबोटीनं आलो
टेप, वही आणि एक छत्री घेऊन.
चारी बाजूंनी पाणी ते बेट,
तिसरीतच पाठ झालेलं.
काठ काढायला दोन दिवस पुष्कळ.

बारा दिवस झाले.

काठ जागेवर राहीना.
सकाळी टेप लावलेला दगड दुपारी गायब,
खारफुटीची श्वासमुळं चिखलातून वर, मग नाहीतच,
आणि खाजणात, मी पोपटी भरला होता तिथं,
कंबरभर पाण्यात एक माणूस
कोळंबीचं जाळं झाडत उभा.

रुझार त्याचं नाव. मानशीची दारं राखतो.
कुणी न लोटता मिटणारी लाकडी दारं:
भरतीला नदी बाहेरून लावून घेते,
ओहोटीला आतलं पाणी उघडून निघून जातं.
रुझार फक्त फळ्या कुजल्या का बघतो,
आणि खेकड्यांनी बांध पोखरला का.

त्यानं कागदावर ओलं बोट ठेवलं.
"ही रेग खंयच्या वेळाची?"
सरासरी, मी म्हटलं.
"सरासरीच्या वेळेला इथं कुणी नसतं," तो म्हणाला,
"पाणीसुद्धा नाही."

खात्याला सनसेट पॉइंट हवा होता. एकच.
मी डिसेंबरचा टाकला, हंगामाचा,
मांडवीपलीकडे उतरणारा.
मे महिन्यातला सूर्य चोडणकडे सरकतो,
त्याच्यासाठी जागा उरली नव्हती,
तिथं जाहिरात होती, कायाकची.

पार्किंगचा चौकोन वरूनच आला, आखून.
शंभर गाड्या.
बरोबर रुझारच्या खाजणावर.
मी तो न बोलता दाखवला.
त्यानं बराच वेळ पाहिला,
कोरगुट कुठं पेरतात ते नखानं दाखवलं,
मग म्हणाला, "लावा की गाड्या.
रात्री झोपताना तेवढं विचारून जा,
दार मिटलंय की उघडं."

नकाशा छापून आला. नारव्याचं स्पेलिंग चुकलेलं.
बिल मंजूर झालं, त्यातून मी बूट घेतले.
शेवटच्या फेरीला धक्क्यावर पोचलो तर
सकाळी कोरड्या असलेल्या तीन पायऱ्या पाण्याखाली.
बूट हातात घेतले.
खलाशी ओरडला, लवकर,
आणि मी अंदाजानं पाय टाकला.