दाबून सोडल्यावर

खलील मिस्त्रीने दोन्ही तळवे बॉनेटवर टेकले,
घट्ट डब्याचं झाकण बसवावं तसं
जीपचं नाक खाली दाबलं, सोडलं.
एक. दोन. तीन.
चौथ्यांदाही डुलली.
"तुह्या शॉकअपचा जीव गेला, बावा.
तेल कवाचंच गळलं. नुसत्या नळ्या घेऊन फिरून रायला."

मग फळीवर दोन खोकी मांडली.
हे नरम. मागच्या सीटवर लेकरू झोपून जाईन.
हे कडक, गॅसचं. रस्ता जसा हाय तसा सांगन.
फरक तीनशे रुपयांचा,
अडचण तीनशेची नव्हती.

वणी-मुकुटबन रस्त्याच्या खाली काळी माती आहे.
पावसात फुगते, चैत्रात भेगाळते,
वरचं डांबर तिच्या मर्जीने वाकतं.
खड्डा असता तर चुकवला असता.
लाट कशी चुकवायची?

कुमरे मास्तर मधल्या सीटवर चौथीच्या वह्या तपासतात.
त्यांच्या लाल खुणा वर्षभर लांबत चालल्यात.
एका पोराच्या भागाकारावरून निघालेली शेपटी
समासापलीकडे, थेट माझ्या सीटच्या पाठीवर उतरली.
दुर्गाबाई आत्राम अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसते,
तणसात रोवलेली साठ अंडी.
तिला विचारलं तर म्हणाली, नरमच घे,
माह्या अंड्याले तोंड नाही, मी बोलतो त्यायच्यासाठी.
मागे टांगलेली कॉलेजची पोरं
ओरडली, कडक! कडक!
त्यांना फक्त उडायचं असतं.

खलील म्हणतो, लोकायचा घोटाळा होते.
हादरा खाते थे स्प्रिंग.
पण खाल्ल्यावर तिले गप बसता येत नाही,
एकच दणका चारदा सांगत बसते.
शॉकअपचं काम इतकंच,
बाई, समजलं, आता पुढं चाल.
(माझ्या साडूला एक जोडी बसवायला हवी.)

मी सालईच्या वळणाबद्दल कोणाला सांगितलं नव्हतं.
दिवाळीनंतरची रात्र, गाडीत अकरा माणसं,
उजेडात अचानक रानडुक्कर आणि तिची पाच पिल्लं, ओळीने.
आधी माझे हात वळले.
मग काही वेळाने गाडी वळली.
मग त्याहून उशिरा मागची माणसं,
आणि डावीकडची चाकं
जमिनीला न विचारता थोडा वेळ कुठेतरी होती.
कोणाला काही झालं नाही.
दुर्गाबाईची तीन अंडी फुटली,
पैसे घेतले नाहीत तिने.
पण हात आणि गाडी यांच्यामधला तो वेळ
मी अजून मोजतो आहे,
बिडी पेटवताना, दाढी करताना.

"समोर कडक, मागं नरम टाक ना," मी म्हणालो.
खलीलने पान्हा खाली ठेवला.
"घोड्याचं डोकं अन् म्हशीची पाठ?
दोन विचाराची गाडी मी बनवत नाही.
माणूस झोपवाचा का घरी पोचवाचा, थे ठरव."

चारही कडक टाकले.
चाकातली हवा दोन पौंड उतरवली,
तेवढीच लाच, सगळ्यांच्या कमरेला.

पहिल्या फेरीला कोणी बोललं नाही.
चिखलगावचं फाटक ओलांडताना
प्रत्येक रूळ वेगळा मोजता आला.
मास्तरांच्या खुणा आता आखूड झाल्यात,
करवतीच्या दातांसारख्या, पण चौकटीतच.
सालईच्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं
आणि गाडी तेव्हाच वळली.
तेव्हाच. इतकंच.
मागे कोणाला कळलंही नाही
की इथे काही होऊ शकतं.

उतरताना दुर्गाबाईने टोपली डोक्यावर घेतली.
"एकही फुटलं नाही," ती म्हणाली,
"तुह्या शॉकअपनं नाही. माह्या मांड्यायनं."
अन् गुडघे चोळत गेली.

रात्री अंगणात एकटाच बॉनेट दाबून पाहिलं.
खाली गेली, वर आली, थांबली.
मग खाटेवर आडवा झालो,
डोळे मिटले,
तर मीच अजून डुलत होतो.