माइकमध्ये आलेली माणसं

करावे गावात, गावदेवीच्या जत्रेत,
गोमाजी केणी यंदा ढोलकीशिवाय गायला.

साउंड माझा. सत्तावीस वर्षं
त्याच्या तोंडापुढचा माइक मीच लावतो,
"एक बोंबील, दोन बोंबील" म्हणून तपासतो,
आणि निवटीचं गाणं सुरू झालं की मिक्सरवरचा लाल दिवा
विझायचं नाव घेणार नाही, हे धरूनच चालतो.
त्या गाण्यावाचून सारसोळ्यापासून दिवाळ्यापर्यंत
एकही हळद पार पडलेली नाही.
नवरदेव चिखलात पडल्यासारखा उड्या मारायचा,
एकदा तर पाटच मोडला.

यंदा एक हार्मोनियम, तीही नुसता सूर धरून,
आणि गोमाजी. खुर्चीत.
खुर्ची पाहूनच मागे कुणीतरी म्हणालं,
"बरा नाय काय त्याला?"

पहिलं गाणं फ्रिजवर.
खरंच, फ्रिजवर. रात्री तीन वाजता
घरात त्याच्यासोबत जागा असलेला फ्रिज,
फ्रिजची घूं,
आणि आत बायकोनं भरून ठेवलेली
कोलंबीच्या लोणच्याची बाटली,
जी तो उघडत नाही.

इतक्या हळू गायला की मला त्याचा आवाज वर न्यावा लागला,
आणखी वर, पार टोकाला,
आणि मग माइकमध्ये माणसं यायला लागली.

"ढोलकी कयं जेली रं?" ही फशीबाय, पहिली रांग.
"पुतन्यानी बिघरवला त्याला."
"घसा जेलाय. घसा जेला का मानूस असाच गातं."
"फ्रिजवर नाचू कसा?"
"निवटी! निवटी!" ही पोरं, शिट्ट्यांसकट.
तुर्भ्याचा परशुराम तांडेल,
ज्यानं गोमाजीचं नाव दंडावर गोंदवलंय,
तो काहीच बोलला नाही. बाही खाली ओढली.
सीवूड्सच्या टॉवरमधून आलेलं एक जोडपं
मोबाइल उंच धरून म्हणालं,
"किती साधं आहे ना, एकदम मुळातलं."
फशीबायनं मान वळवली
आणि दोघांना नीट खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं.

मीही बोललो. जनरेटरवाल्याला म्हटलं,
हा मला उपाशी मारणार,
हळदीला याला आता कोण बोलावतंय?

दुसऱ्या गाण्याआधी पोरं फारच ओरडली
तेव्हा तो पाणी प्यायला, तोंड पुसलं, म्हणाला,
"भरती हाय. निवटी बिळान जेली."
थोडे हसले. थोडे उठून पाळण्याकडे गेले.
एका माणसानं जाताना खुर्ची दुमडून ठेवली, जोरात.

मला राग वेगळाच होता.
जी घूं मी आयुष्यभर वायरींतून काढत आलो,
अर्थिंग बघ, जॅक बदल, पोराला शिव्या घाल,
ती त्यानं सा म्हणून धरली होती.
हे काही बरोबर नाही.
मी अजूनही तेच म्हणतो.

रात्री जुईनगरला खोलीवर येऊन
हेडफोन लावून रेकॉर्डिंग साफ करायला बसलो.
गाण्याहून माणसं मोठी.
फशीबायला काढावं तर "बाटली" हा शब्द निम्मा जातो,
पोरांना काढावं तर त्याचा श्वास.
कंटाळून सगळं तसंच वाजू दिलं.

तिसऱ्या गाण्यात, कोणी बोलत नाही अशा जागी,
टक, ट-टक.
पत्र्यावर कुणाची तरी बोटं.
निवटीचाच ठेका, निम्म्या चालीत,
आणि गोमाजी त्या टकेसाठी थांबतोय,
ती पडल्यावरच पुढचा शब्द सोडतोय.
चार वेळा मागे नेऊन ऐकलं.
कोण असेल? परशुराम तर लांब होता,
आणि पहिल्या रांगेत खुर्च्या प्लास्टिकच्या.

सकाळी सामान टेम्पोत चढवताना
मिक्सरच्या पेटीच्या झाकणावर
माझा हात पडला.

पत्र्याचं आहे झाकण.