पंख्याची जाळी

जुन्या टेबलफॅनची पुढची जाळी
मोटर जळाल्यापासून माळ्यावर पडून होती.
आज खाली काढली, राखेने घासली.
गंज निघाला, कंपनीचं नाव काही निघालं नाही.
तीन विटा, मध्ये छाटणीच्या काड्या.
द्राक्षाचं लाकूड चटकन पेटतं
आणि मग निखारा धरून बसतं
एखाद्या अबोल माणसाने राग धरावा तसं.

दिवसभर मी पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये उभी असते,
हातात भोकं पाडलेली पट्टी. सोळा मिलिमीटर, अठरा.
मणी भोकातून खाली गेला की घड बाजूला.
गोड आहे का, माझ्या टेबलावर कुणी विचारत नाही,
गोडीचं यंत्र वेगळं, ते शेवंताकडे.
बाजूला पडलेल्यातले दोन किलो
मुकादम संध्याकाळी पिशवीत घालू देतो
आणि दुसरीकडे बघतो.

निफाडचा पारा किती उतरला ते उद्या पेपरात येईलच.
इथे ओझरला, आमच्या ओट्यावर,
हात न सांगता विस्तवाकडे जातात.
सासरे बाजेवर, कानटोपी, गुडघ्यांवर घोंगडी.
दिवाळीतल्या तापात त्यांची जीभ गेली.
बोलतात, पण चव लागत नाही.
भाजी मातीसारखी, चहा नुसतं ऊन पाणी.
जेवतात ते हजेरी लावल्यासारखं.
कारखान्यात बत्तीस वर्षं तेच केलं की, म्हणतात.

पेरूच्या चार चार फोडी, साल खाली.
मीठ आत्ता नाही. आत्ता टाकलं तर पाणी सुटतं,
फळ भाजत नाही, रडत बसतं.
फक्त तेलाचं बोट.
कडेला मिरच्या, लसणाचा अख्खा गड्डा.
द्राक्षांचे घोस देठासकट वर ठेवले.
बराच वेळ काहीच होत नाही.
मग एकेक मणी फुगतो, घामेजतो,
आणि फट्.
रस निखाऱ्यावर, चर्रर्र,
वास थेट गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीपर्यंत.

गिरणीतून मोगलकाकू आल्या, पदराला पीठ.
"अगं, फळ कुणी भाजतं का?"
म्हटलं, वांग्याला चालतं,
पेरूनेच काय पाप केलंय?
त्या बसल्याच मग, विटेजवळ, पाय शेकत.

पाट्यावर मिरची, लसूण, जाडं मीठ,
मूठभर शेंगदाणे. त्यातच पेरू चिरडला
काळ्या पडलेल्या सालीसकट.
वरून भाजकी द्राक्षं, सुरकुतलेली,
आता कुठल्याही भोकातून जातील अशी.
गुळाचा खडा घालायचा होता, तो राहिला.
बाजरीची भाकरी मोडून त्यांच्या ताटलीत ठेवली.

एक घास. दुसरा.
बी दाताखाली आली असावी, थांबले.
मी विस्तवाकडे बघत राहिले,
मुकादम बघतो तशी, दुसरीकडे.

"मीठ जास्त झालंय," ते म्हणाले.

मोगलकाकू चाखून म्हणणार होत्या, कुठे जास्त,
मी त्यांचा गुडघा दाबला.
चिमूटभरच तर होतं.
जाळीवर दोन फोडी विसरल्या होत्या.
"ते बघ, जळतंय तुझं," पाठमोरेच बोलले,
भाकरीचा तुकडा ताटलीच्या कडेकडेने फिरवत.

फोडी उलटायला गेले घाईने,
चिमटा राहिला बाजूला,
बोटं भाजली.